रद्दीतून वाचलेले पक्षी

‘यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी वेगळे लिहून द्या’ असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा मी जरा बिचकलोच. मी काही लेखक नव्हे. सरकारी नोकरीत आयुष्य गेले आणि लिहिण्याचा सराव म्हणजे फाइलवरचे टिपण. पण मंडळाच्या सहलीत नवाबगंजच्या तळ्यावर मी दुर्बीण काढली की मुले भोवती जमतात, हे बऱ्याच जणांनी पाहिले आहे. तेव्हा त्याच विषयातले लिहावे असे ठरवले. पक्ष्यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी सांगणार आहे ती पक्ष्यांवर निघणाऱ्या नियतकालिकांची हकिगत. या हकिगतीचा एक धागा लखनौत आहे, एक खानदेशात आणि एक, सांगायला संकोच वाटतो, माझ्याच घरच्या रद्दीत.

१९७९ साली बदली होऊन मी लखनौला आलो. कार्यालयात एक ज्येष्ठ बंगाली सहकारी होते. सगळे त्यांना दादा म्हणत. दर रविवारी भल्या पहाटे सायकलवर टांग मारून ते गोमतीकाठी जात. एकदा मीही बरोबर गेलो. झाडावर पिवळाधमक पक्षी दिसला. मी म्हणालो, “हळद्या!” तिथला माळी म्हणाला, “पीलक है साहब.” दादांनी इंग्रजी नाव सांगितले आणि मग मला विचारले, “कितना था? नर, कि मादा? क्या कर रहा था?” मी गप्प. मला नुसता पिवळा रंग दिसला होता. त्या दिवशी दादांनी त्यांच्या झोळीतून काही चुरगळलेले अंक काढून मला वाचायला दिले. त्यावर नाव होते ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’.

या अंकांचे महत्त्व कळण्यासाठी शंभरेक वर्षे मागे जावे लागेल. काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव आपण शाळेत वाचले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८५७ च्या धामधुमीत ते आपल्या जवळच्याच इटावा जिल्ह्याचे कलेक्टर होते. पुढे १८७२ पासून त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवले. नावाचा अर्थ इकडेतिकडे पडलेली पिसे. देशभर विखुरलेले कलेक्टर, लष्करी अधिकारी, रेल्वे आणि जंगल खात्यातली माणसे आपापल्या मुलखातल्या पक्ष्यांची टिपणे ह्यूमना पाठवत, ते ती तपासून छापत. पक्षी पाहणारा माणूस एकटा असतो. त्या एकट्या माणसांना जोडणारा हा पहिला धागा होता.

त्याच ‘स्ट्रे फेदर्स’च्या दहाव्या खंडात १८८१ साली जॉर्ज रीड यांनी लखनौ विभागातल्या पक्ष्यांची प्रदीर्घ यादी प्रसिद्ध केली. याच रीड यांनी लखनौच्या प्रांतिक संग्रहालयातील पक्ष्यांची सूचीही तयार केली आणि ती १८९० साली छापली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम जेसी यांनी लखनौच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली, ती ‘आयबिस’ या इंग्लंडमधल्या नियतकालिकात आली. म्हणजे ज्या शहरात आपण सकाळी फिरायला जातो, त्या शहरातले पक्षी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कोणते होते याची छापील नोंद आहे. हिंदुस्थानातल्या किती शहरांना असे भाग्य लाभले?

पण ह्यूम यांच्याच बाबतीत एक चटका लावणारी गोष्ट घडली. हिंदुस्थानातल्या सर्व पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे हस्तलिखिते जमवली होती. १८८४-८५ च्या हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना घरातल्या नोकराने ते सगळे कागद बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. ह्यूम यांचे मनच उडाले. त्यांनी कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांवर नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ग्रंथ गेला तो गेलाच. जे नियतकालिकात छापून प्रती गावोगाव पोचल्या होत्या, तेवढे मात्र राहिले.

छापलेली नोंद किती दूर जाते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड ह्यूम यांनी १८७३ साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच जगापुढे मांडले. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने मिळवले. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी जणू गडपच झाला. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या गृहस्थांचा एक नमुना पुढे आला, त्यावर १९१४ साल आणि गुजरातेतले मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. लोक तिकडे शोधत राहिले. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने तपास केला तेव्हा कळले की तो नमुना डेव्हिडसनचाच होता, संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. खोटी नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या सहकाऱ्यांसह निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या, आता नंदुरबारमध्ये असलेल्या शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! खोट्या नोंदीने पक्षी हरवला, खऱ्या नोंदीने सापडला.

आता पुन्हा दादांच्या झोळीतल्या अंकांकडे येतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली आणि तिचे जर्नल १८८६ पासून निघते. डॉ. सालिम अलींसारख्यांची मोठी कामे तिथे येत. त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली निघाले आणि सुशिक्षित माणसाला पक्षी ओळखणे सोपे झाले. पण पक्षी ओळखल्यावर पुढे काय? जर्नलमध्ये लिहायचे तर शास्त्रज्ञाची भाषा हवी. बँकेतल्या कारकुनाने, शाळेतल्या मास्तरांनी, चहामळ्यावरच्या मॅनेजरने आपल्या अंगणातले निरीक्षण पाठवायचे कुठे? ही उणीव ओळखून झफर फतेहअली यांनी डिसेंबर १९५९ मध्ये मुंबईहून ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ सुरू केले. आरंभी ते नुसती सायक्लोस्टाइल केलेली पाने होती. फतेहअली पुढे सोसायटीचे मानद सचिव झाले, नंतर बंगलोरला गेले. न्यूजलेटरही त्यांच्याबरोबर गेले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्याची धुरा वाहिली. पुढच्या काळात एस. श्रीधर यांनी ते छापील आणि सचित्र रूपात देखणे केले.

त्यात काय असे? कुणी टेलिफोनच्या खांबावरचे घरटे तीन आठवडे पाहून लिहिलेले असे, कुणी गावच्या तळ्यावर कोणते बदक केव्हा आले ते कळवलेले असे, आणि त्यावर दुसऱ्या गावच्या वाचकाचे पत्र असे की ‘आमच्याकडे तसे होत नाही’. भाषा साधी, मजकूर छोटा. पण घाई नसे. पाहिलेल्या गोष्टीची शहानिशा करून, टिपण दोनदा लिहून, पाकिटाला तिकीट लावून धाडायचे आणि महिना-दोन महिने वाट पाहायची. त्या वाट पाहण्यात माणूस पुन्हा जाऊन तेच घरटे पाहून येई.

लखनौच्या मराठी माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. पंडित भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून फिरून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकांत छापल्या आणि १९२६ साली इथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. कागदावर गाणे उतरत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणारच. पण कागदावर आले नसते तर कितीतरी बंदिशी उस्तादांबरोबरच गेल्या असत्या. पक्ष्यांच्या बाबतीत आमच्या या अंकांनी तेच काम केले.

मराठीतही हे वारे पोचले होते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात राहून जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा आम्हा पक्षीवेड्यांना घरातलेच कार्य असल्याचा आनंद झाला होता. जून २०२५ मध्ये ते गेले. महाराष्ट्रात पक्षिमित्र संमेलने भरू लागली आणि सोसायटीचे ‘हॉर्नबिल’ १९७६ पासून येऊ लागले. आपल्या उत्तर प्रदेशातूनही, म्हणजे तेव्हा याच राज्यात असलेल्या डेहराडूनहून, ‘चीतल’ हे वन्यजीवांवरचे नियतकालिक १९५८ पासून निघत होते.

१९८७ साली दादा निवृत्त होऊन कलकत्त्याला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सालिम अली निवर्तले, म्हणून साल पक्के लक्षात आहे. जाताना त्यांनी अंकांचा सगळा गठ्ठा सुतळीने बांधून माझ्या हाती दिला. “संभालके रखना,” एवढेच म्हणाले. त्या अंकांच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात दादांचे आकडे होते. शहराबाहेर मेलेली जनावरे टाकत त्या मैदानावर दर रविवारी किती गिधाडे बसली होती, त्याचे आकडे. तारीख, वेळ, संख्या. मी एकदा विचारले होते, “दादा, हे लिहून पाठवत का नाही?” ते हसले. “गिद्ध को कौन छापेगा, भाई? गिद्ध तो रोज का है.”

१९९८ च्या उन्हाळ्यात आम्ही सरकारी क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात आलो. सामानाची बांधाबांध चालली होती. सौ.ने गठ्ठा दाखवून विचारले, “अहो, हे द्यायचे का रद्दीत?” मी ट्रंकेत डोके खुपसून बसलो होतो. न पाहताच म्हणालो, “दे.” दोष तिचा नाही, कबाडीवाल्याचा तर नाहीच. ह्यूम यांच्या नोकराला मी मनात किती नावे ठेवली होती! पण तो बिचारा निदान दुसऱ्याचे कागद ओळखू शकला नव्हता.

काय गमावले ते पुढे कळले. विभु प्रकाश या शास्त्रज्ञांनी भरतपूरच्या गिधाडांची ऐंशीच्या दशकात मोजणी करून ठेवली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा संख्या ढासळलेली दिसली. १९९९ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि जगाला धोक्याची घंटा ऐकू आली. २००४ साली कारण उघड झाले. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादेच उरावे इतकी घटली होती. विचार करा, विभु प्रकाश यांच्याकडे आधीची मोजणी नसती तर ‘पूर्वी पुष्कळ होती हो’ यापलीकडे कुणी काय म्हणू शकले असते? लखनौची तशी मोजणी दादांच्या समासात होती आणि ती मी किलोच्या भावाने विकली.

आता या नियतकालिकांचे काय झाले? एका वाक्यात सांगायचे तर संपादकाची दमछाक झाली आणि वाचकाची गरज बदलली. अशी पत्रके हौसेवर चालतात. वर्गणीदार थोडे, कागद आणि टपाल महाग, संपादक, कारकून आणि हमाल एकच माणूस. १९९८ नंतर उत्तम सचित्र मार्गदर्शक पुस्तके लागोपाठ आली, पाठोपाठ डिजिटल कॅमेरे आले, इंटरनेट आले. सकाळी पाहिलेला पक्षी दुपारी सगळ्यांना दाखवता येऊ लागल्यावर दोन महिने अंकाची वाट कोण पाहणार? हे आपल्याकडेच झाले असे नाही. इंग्लंडमध्ये १९८७ पासून निघणारे ‘बर्डिंग वर्ल्ड’ २०१४ साली बंद पडले. १९०७ पासूनचे ‘ब्रिटिश बर्ड्स’ मात्र टिकून आहे. आपल्याकडेही सगळा अंधार नाही. २००४ साली हैदराबादहून आशिष पिट्टी यांनी नवे नियतकालिक काढले, ते पुढच्या वर्षापासून ‘इंडियन बर्ड्स’ नावाने ओळखले जाते आणि इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य वाचता येते. पण आता त्यातली टिपणे शास्त्राच्या कसोटीवर घासूनपुसून येतात. आमच्या कारकून-मास्तरांची ती गप्पांची ओसरी मात्र रिकामी झाली.

माणसे कमी झाली का? मुळीच नाही. आम्ही दोघे जायचो तिथे आता रविवारी चांगला घोळका दिसतो. एखादा दुर्मिळ पक्षी आला की तासाभरात मोबाइलवर बातमी फिरते आणि मोठमोठ्या लेन्स खांद्यावर टाकून मंडळी हजर होतात. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावतात, फोटो काढतात आणि पुढच्याकडे वळतात. घरट्याभोवती गर्दी झाली की मला राग येतो, तो मी लपवत नाही.

म्हणून मी बरीच वर्षे या नव्या मंडळींवर रुसलेला होतो. हा रुसवा माझ्या नातीने काढला. गेल्या हिवाळ्यात गच्चीवर बसलो असताना शिळ ऐकू आली. तिने मोबाइल पुढे धरला, मोबाइलने ऐकले आणि नाव सांगितले. मी म्हणालो, “अगं, हा आपला दयाळ. पण तो काय करतोय?” तिने मोबाइल खाली ठेवला आणि पाहू लागली. दयाळ शेपटी उभारून समोरच्या तारेवरच्या दुसऱ्या दयाळाकडे बघत होता. पाच-सात मिनिटे दोघांचे गाण्याचे भांडण चालले. ती म्हणाली, “आजोबा, हे मोबाइल सांगत नाही.” मला बरे वाटले, खोटे का बोलू?

पण पुढे तिने जे केले त्याने मी वरमलो. तिने यादी उघडली आणि भरू लागली. दयाळ २, साळुंक्या ९, कावळे २३. “कावळे कशाला मोजतेस?” मी विचारले. ती म्हणाली, “आजोबा, सगळेच मोजायचे असतात. नाहीतर कमी झाले ते कसे कळणार?”

मंडळी, जे दादांना कुणी छापणार नाही असे वाटले, जे मला जपावेसे वाटले नाही, ते ही पोर सहज करत होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेल्या ईबर्डवर अशा याद्या जमतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल देशातल्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. दीर्घ काळातला कल सांगता आला अशा ३३८ जाती निघाल्या आणि त्यांतल्या ६० टक्के घटल्याचे दिसले. एवढे काम कुठल्याही एका मासिकाने झाले नसते. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ९४२ पैकी ३३८ जातींचाच जुना कल सांगता आला. मागची नोंदच पुरेशी नसेल तर आजच्या कोट्यवधी नोंदी तुलना कशाशी करणार?

नात म्हणाली, “आजोबा, इथे जुन्या तारखेची नोंदही चालते. तुम्हाला गिधाडे आठवत असतील तेवढी टाकू या ना.” मी बराच वेळ विचार केला. मैदान आठवते, सावरीचे झाड आठवते, पंखांचा तो फडफडाट आठवतो. पण आकडा आठवत नाही. आणि ‘पुष्कळ’ हा आकडा नव्हे. दादांनी विचारलेच असते, “कितना था? ठीक से बोलो.” मी नको म्हणालो. आठवणीने एक खोटी चिठ्ठी लावायची आणि पुढच्या शोधणाऱ्याला चुकीच्या गावी पाठवायचे, हे रानपिंगळ्याची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाने करू नये.

‘स्ट्रे फेदर्स’ आणि ‘न्यूजलेटर’ यांचे जुने अंक आता इंटरनेटवर पानन्‌पान वाचता येतात. दादांनी दिले होते तेच अंक मी मधूनमधून उघडून बसतो. मजकूर सगळा आहे. समास कोरे आहेत.

म्हणून या निमित्ताने आपल्या समाजातल्या कुटुंबांना एक विनंती करतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील-आजोबा रेल्वेत, प्रयोगशाळांत, शाळा-कॉलेजांत नोकरी करत या शहरात आले. त्यांच्या ट्रंकांत डायऱ्या असतील, शिकारीच्या नाहीतर सहलीच्या वह्या असतील, बागेत कोणता पक्षी केव्हा आला याच्या कॅलेंडरवर केलेल्या खुणा असतील. घर बदलताना, दिवाळीची साफसफाई करताना त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. तारीख आणि आकडा दिसला तर बाजूला ठेवा आणि मला फोन करा, मी स्वतः येऊन पाहीन. मोबाइलवर त्याचे नीट फोटो काढायला माझी नात तयार आहे. आणि घरात मुले असतील तर त्यांना एक वही द्या. दुर्मिळ पक्ष्याच्या मागे धावू नका म्हणावे, कावळ्या-चिमण्यांपासून सुरुवात करा. मोबाइलमध्ये आकडा घाला आणि वहीत तो काय करत होता तेही लिहा.

नवरात्राच्या आगेमागे आपल्या लखनौच्या हिरवळींवर शेपटी हलवत धोबी येतील. इथले लोक त्याला खंजन म्हणतात. यंदा पहिला कुणाला, कोणत्या तारखेला दिसला ते मला जरूर कळवावे.